चुंबकित न्यूट्रॉन ताऱ्यांचे क्ष-किरण उत्सर्जन : प्रतिमानांच्या इतिहासाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलभौतिकीच्या ज्या नव्या शाखा उदयास आल्या, त्यांत क्ष-किरण खगोलशास्त्राचे स्थान महत्त्वाचे आहे. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते. त्यामुळे ही शाखा रॉकेट, बलून आणि कृत्रिम उपग्रह यांच्या साहाय्यानेच वाढली. या साधनांनी उजेडात आणलेल्या स्रोतांपैकी एक वर्ग म्हणजे जोडीदार ताऱ्याचे द्रव्य स्वतःकडे ओढून घेणारे, प्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेले न्यूट्रॉन तारे. त्यांना क्ष-किरण स्पंदक असे म्हणतात. या ताऱ्यांचे परिभ्रमणकाल, कक्षा आणि वस्तुमान यांविषयीची माहिती तुलनेने लवकर हाती आली. त्यांच्या क्ष-किरणांचा वर्णपट असाच का असतो, या वरकरणी साध्या प्रश्नाचे उत्तर भौतिकीच्या मूलभूत नियमांवरून देण्यास मात्र तीन दशकांहून अधिक काळ लागला. आणि मिळालेल्या उत्तराचा पायाही २०२२ मध्ये पुन्हा तपासावा लागला. प्रस्तुत लेखात या प्रतिमानांच्या घडणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतिमान म्हणजे एखाद्या वस्तूची ठराविक गृहीतकांवर उभी केलेली अशी गणिती प्रतिकृती, की जिच्यावरून निरीक्षणाचे आकडे काढता यावेत आणि ते चुकल्यास गृहीतक सोडून द्यावे लागावे. यातील दुसरी अट अनेकदा विसरली जाते, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

चंद्राचा शोध घेताना

दि. १८ जून १९६२ रोजी रात्री अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या व्हाइट सँड्स तळावरून एरोबी जातीचे एक रॉकेट सोडण्यात आले. रिकार्डो जियाकोनी, हर्बर्ट गुर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रुनो रॉसी यांच्या या प्रयोगाचा जाहीर हेतू चंद्राच्या पृष्ठभागावरून येणारे क्ष-किरण शोधणे हा होता. उपकरणाला वातावरणाबाहेर जेमतेम सहा मिनिटे मिळाली. तेवढ्या वेळात चंद्राचे क्ष-किरण सापडले नाहीत. वृश्चिक राशीच्या दिशेने मात्र अत्यंत प्रखर असा स्रोत आढळला. त्याला पुढे ‘स्कॉर्पियस एक्स-१’ हे नाव मिळाले.

हा स्रोत सूर्यासारखा तारा असणे शक्य नव्हते. सूर्य जितकी ऊर्जा क्ष-किरणांत बाहेर टाकतो, तीपेक्षा कित्येक कोटी पटींनी अधिक ऊर्जा येथून बाहेर पडत होती. स्पष्टीकरणासाठी न्यूट्रॉन ताऱ्याकडे पाहावे, ही सूचना लवकरच पुढे आली. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये, म्हणजे न्यूट्रॉनचा शोध लागून दोन वर्षे होतात न होतात तोच, अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉनांचा बनलेला घन तारा मागे उरत असावा असा तर्क मांडला होता. परंतु तीस वर्षांत असा एकही तारा कोणी पाहिलेला नव्हता. तापलेला न्यूट्रॉन तारा स्वतःच्या उष्णतेने क्ष-किरण फेकत असावा, ही पहिली कल्पना होती. ती टिकली नाही. कारण असा तारा फार लवकर निवतो.

याच सुमारास ऊर्जेच्या वेगळ्या उगमाचा विचार सुरू झाला. एखाद्या ताऱ्यावर बाहेरचे द्रव्य पडत राहण्याच्या क्रियेला द्रव्यसंचयन म्हणतात. फ्रेड हॉईल, रेमंड लिटलटन आणि हर्मन बाँडी यांनी १९३९ ते १९५२ या काळात तिचा अभ्यास केला होता; मात्र तो सामान्य ताऱ्यांच्या संदर्भात होता. सुमारे १.४ सौर वस्तुमान अवघ्या १० ते १२ किलोमीटर त्रिज्येत कोंबलेले असेल तर त्यावर पडणाऱ्या द्रव्याचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो आणि त्याच्या वस्तुमानाच्या १५ ते २० टक्के इतकी ऊर्जा मोकळी होते. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना हे प्रमाण केवळ ०.७ टक्का असते. म्हणजे अणुकेंद्रीय भट्टीपेक्षा नुसते पडणे हे कितीतरी फलदायी ठरते. जपानमध्ये सातिओ हायाकावा व मासारू मात्सुओका यांनी १९६४ मध्ये युग्मताऱ्यांतील द्रव्यप्रवाहाचा विचार मांडला. सोव्हिएत संघात याकोव झेल्दोविच यांच्या गटाने या दिशेने काम केले आणि १९६७ मध्ये योसिफ श्क्लोव्स्की यांनी स्कॉर्पियस एक्स-१ हा युग्मातील द्रव्यसंचयी न्यूट्रॉन तारा असल्याचे ठामपणे लिहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण त्या वेळी ते फारसे कोणी मानले नाही. पुरावा देणे या स्रोताच्या स्वभावातच नव्हते. स्कॉर्पियस एक्स-१ चे चुंबकीय क्षेत्र दुर्बल आहे आणि त्यात नियमित स्पंद आढळत नाहीत. सर्वांत आधी सापडलेला आणि सर्वांत तेजस्वी असलेला हा स्रोत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरला.

उहुरू आणि स्पंदांचा पुरावा

केनियाच्या किनाऱ्याजवळील सान मार्को या इटालियन सागरी तळावरून दि. १२ डिसेंबर १९७० रोजी क्ष-किरण खगोलशास्त्रासाठीच बनवलेला पहिला उपग्रह सोडण्यात आला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाला ‘उहुरू’ म्हणजे स्वाहिली भाषेत ‘स्वातंत्र्य’ हे नाव देण्यात आले. रॉकेटच्या सहा मिनिटांऐवजी आता महिन्यांमागून महिने निरीक्षण शक्य झाले. १९७१ मध्ये नरतुरंग तारकासमूहातील ‘सेंटॉरस एक्स-३’ या स्रोतात ४.८४ सेकंदांचे स्पंद आढळले. पुढच्याच वर्षी हा काल २.०८७ दिवसांच्या आवर्तनाने किंचित कमी-जास्त होतो आणि त्याच आवर्तनात स्रोताला ग्रहणही लागते, हे स्पष्ट झाले. स्रोत एका मोठ्या ताऱ्याभोवती फिरत आहे, याहून सरळ पुरावा मागता आला नसता. १९७२ मध्येच शौरी तारकासमूहातील ‘हर्क्युलिस एक्स-१’ सापडला. त्याचे स्पंद १.२४ सेकंदांचे, कक्षा १.७ दिवसांची आणि त्याखेरीज ३५ दिवसांचे एक तिसरे आवर्तन होते.

जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये शोधलेले रेडिओ स्पंदक स्वतःच्या परिभ्रमणाची ऊर्जा खर्च करून प्रकाशतात. सेंटॉरस एक्स-३ तसाच असावा काय? हिशेब सोपा होता. ४.८ सेकंदांत एक फेरी घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यापाशी असलेली परिभ्रमण-ऊर्जा त्याच्या क्ष-किरणांचा खर्च फार तर दोन-तीन वर्षे भागवू शकली असती. शिवाय हे तारे मंदावण्याऐवजी हळूहळू अधिक वेगाने फिरू लागल्याचे दिसत होते. बाहेरून येणारे द्रव्य आपला कोनीय संवेग ताऱ्याला देत आहे, हाच याचा अर्थ. वेग वाढण्याचा दर श्वेतबटू ताऱ्याला शोभणारा नव्हता. श्वेतबटूचे जडत्व आघूर्ण इतके मोठे असते की त्याला या गतीने फिरवणे या द्रव्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

याच तीन-चार वर्षांत सिद्धांताची मूळ चौकट तयार झाली. जेम्स प्रिंगल व मार्टिन रीस (१९७२), क्रिस डेव्हिडसन व जेरेमिया ऑस्ट्रायकर (१९७३) आणि फ्रेडरिक लॅम्ब, ख्रिस्तोफर पेथिक व डेव्हिड पाइन्स (१९७३) यांनी साधारण एकच चित्र स्वतंत्रपणे रेखाटले. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे एक लाख कोटी गाऊस असते. जोडीदाराकडून येणारे द्रव्य ताऱ्यापासून काही हजार किलोमीटर अंतरावर या क्षेत्राला अडते आणि तेथून पुढे चुंबकीय बलरेषांच्या वाटेने दोन ध्रुवांवर उतरते. दर सेकंदाला सुमारे दहा हजार कोटी टन द्रव्य उतरत असेल तर सूर्याच्या जवळपास पाच हजार पट तेजस्विता निर्माण होते, आणि ही सर्व ऊर्जा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या, म्हणजे एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढ्या, जागेतून बाहेर पडते. चुंबकीय अक्ष आणि परिभ्रमणाचा अक्ष भिन्न असल्याने हा तप्त भाग दीपगृहाप्रमाणे फिरतो व स्पंद दिसतात.

या चौकटीतील चकती आणि चुंबकावरण यांच्या परस्परक्रियेचा सर्वांत प्रभावी सिद्धांत प्रणव घोष आणि फ्रेडरिक लॅम्ब यांनी १९७८-७९ मध्ये मांडला. द्रव्याचा ओघ आणि परिभ्रमणकालातील बदल यांचा त्यांनी जोडलेला संबंध आजही अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो. घोष हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत होते.

ध्रुवावर काय घडते?

येथपर्यंतचा प्रवास वेगाने झाला. खरी अडचण शेवटच्या काही किलोमीटरमध्ये होती. एक चौरस किलोमीटरमधून इतकी ऊर्जा कृष्णवस्तूप्रमाणे बाहेर पडली तर तापमान सहा-सात कोटी अंशांच्या घरात जाते आणि वर्णपटाला ठराविक उंचवट्याचा आकार यावयास हवा. प्रत्यक्षात दिसणारा वर्णपट तसा नव्हता. तो १० ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत बराचसा सपाट पसरे आणि नंतर झपाट्याने उतरे. म्हणजे विकिरण कोठे निर्माण होते याइतकेच ते बाहेर कसे पडते, हेही महत्त्वाचे होते.

या प्रश्नाला हात घालणारे सर्वांत मूलगामी लेखन मॉस्कोतील मिखाईल बास्को आणि राशिद सुन्यायेव यांचे आहे. त्यांच्या १९७५ आणि १९७६ च्या निबंधांत पुढील विचार आढळतो. ओघ कमी असेल तेव्हा पडणारे द्रव्य थेट पृष्ठभागावर आदळते आणि किरण बलरेषांच्या दिशेने वर निघतात. ओघ एका मर्यादेपलीकडे गेला की खालून येणाऱ्या किरणांचा दाबच द्रव्याला पृष्ठभागाच्या वर थोपवू लागतो. तेथे आघाततरंग निर्माण होतो आणि त्याखाली तप्त द्रव्याचा एक स्तंभ उभा राहतो. वरून द्रव्य पडत असल्याने किरणांना वर जाता येत नाही. ते स्तंभाच्या बाजूंनी निसटतात. पहिल्या स्थितीतील झोताला ‘पेन्सिल’ आणि दुसऱ्या स्थितीतील झोताला ‘पंखा’ ही नावे रूढ झाली. दोहोंमधील सीमा, म्हणजे संधिक तेजस्विता, प्रतिसेकंद एकावर ३७ शून्ये इतक्या अर्गच्या आसपास येते. गोलाकार ताऱ्यावर सर्व बाजूंनी द्रव्य पडत असेल तर एडिंग्टन यांनी घालून दिलेली मर्यादा ओलांडता येत नाही. स्तंभाच्या बाबतीत मात्र किरण एका दिशेने आणि द्रव्य दुसऱ्या दिशेने जात असल्याने ती ओलांडणे शक्य होते, हे या विचारातून निघणारे अनुमान त्या काळी बरेचसे पुस्तकी वाटले असावे. २०१४ मध्ये न्यूस्टार दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मातेओ बाकेत्ती आणि सहकाऱ्यांनी एम ८२ या दीर्घिकेतील एका अतितेजस्वी स्रोतात १.३७ सेकंदांचे स्पंद शोधले. त्याची तेजस्विता एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे शंभर पट होती. तोवर असे स्रोत कृष्णविवरेच असावीत असे बहुतेकांनी धरून ठेवले होते.

एका रेषेचे दोन अर्थ

चुंबकीय क्षेत्र एक लाख कोटी गाऊस आहे, हे १९७३ पर्यंत अनुमानच होते. ते मोजणार कसे? प्रबळ क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या बलरेषेभोवती फिरण्याला ठराविक ऊर्जापातळ्याच उपलब्ध असतात. एक लाख कोटी गाऊसला दोन पातळ्यांमधील अंतर ११.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. अशा ताऱ्यांच्या वर्णपटात सायक्लोट्रॉन रेषा दिसावी, असे यूरी ग्नेदिन आणि सुन्यायेव यांनी १९७४ मध्ये लिहिले होते.

दि. ३ मे १९७६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातून जर्मन संशोधकांनी सोडलेल्या बलूनमधील उपकरणाने हर्क्युलिस एक्स-१ चे निरीक्षण केले. योआखिम ट्रुम्पर यांच्या नेतृत्वाखालील या गटाला उच्च ऊर्जेच्या भागात अनपेक्षित आकार दिसला आणि त्यांनी तो ५८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासची उत्सर्जन रेषा म्हणून १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचे ते पहिले थेट मापन होते. परंतु त्याच आकड्यांकडे दुसऱ्या रीतीनेही पाहता येत होते. ५८ जवळ उंचवटा आहे असे म्हणण्याऐवजी ४० च्या आसपास खाच आहे असे म्हटले तरी आलेख तोच राहतो. उंचवटा मानला तर उत्सर्जन, खाच मानली तर शोषण; आणि दोन्ही अर्थांनी मिळणारे चुंबकीय क्षेत्रही वेगळे. निर्णय केवळ आलेखाकडे पाहून लागणार नव्हता. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात प्रकाशकण इलेक्ट्रॉनांवर कसे विखुरतात, याची गणिते त्यासाठी करावी लागली. पीटर मेसारोश आणि नागेल यांच्या १९८५ मधील निबंधांत अशा विकिरणवहनाचे सविस्तर निकाल आहेत. त्या ऊर्जेचे प्रकाशकण द्रव्यात सर्वाधिक अडकतात, म्हणून तेथे खाच पडते, हे या कामाने दृढ केले. जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाच्या निरीक्षणांनी १९९० मध्ये शोषणाचा अर्थ पक्का केला. ट्रुम्पर यांचा शोध खरा ठरला. चुकले ते त्याचे नाव. इतिहासकाराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. निरीक्षण सिद्धांताविना बोलत नाही याचे हे उदाहरण विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात अवश्य सांगण्याजोगे आहे.

पुढील काळात या रेषेने बास्को-सुन्यायेव विचाराची परीक्षाही घेतली. ययाती तारकासमूहातील ‘व्ही ०३३२+५३’ या स्रोताच्या २००४-०५ मधील उद्रेकात तेजस्विता वाढली तशी रेषेची ऊर्जा उतरली; हर्क्युलिस एक्स-१ मध्ये मात्र तेजस्वितेबरोबर रेषेची ऊर्जा वाढते, असे २००७ मध्ये रुडिगर श्टाउबर्ट यांच्या गटाने दाखवले. पहिल्यात स्तंभ उंचावतो, म्हणून रेषा दुर्बल क्षेत्राच्या जागी तयार होते. दुसऱ्यात स्तंभ नसून वरच्या द्रव्याचा भार रेषेची जागा खाली दाबतो, असा उलगडा २०१२ मध्ये करण्यात आला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कल्पिलेल्या दोन स्थिती अशा रीतीने प्रत्यक्ष ओळखता आल्या.

सूत्र आणि स्पष्टीकरण

वर्णपटाच्या मूळ प्रश्नाचे या दरम्यान काय झाले? १९८३ मध्ये निकोलस व्हाइट, जीन स्वँक आणि स्टीफन होल्ट यांनी अनेक क्ष-किरण स्पंदकांच्या वर्णपटांचा आढावा घेतला. घातनियमानुसार पसरणारा आणि एका ऊर्जेनंतर घातांकी रीतीने उतरणारा असे वर्णन त्यांना सर्वत्र लागू पडले. हे सूत्र इतके सोयीचे होते की पुढील दोन-तीन दशकांतील बहुसंख्य निबंधांत तेच किंवा त्याचे भाऊबंद वापरले गेले. सूत्र आकड्यांशी उत्तम जुळे. परंतु घातांक अमुकच का किंवा उतार तेथेच का सुरू होतो, याचे उत्तर त्यात नव्हते. त्यातील अंकांचा ताऱ्याच्या तापमानाशी, वेगाशी वा त्रिज्येशी थेट संबंध लावता येत नसे. जुळणी उत्तम आहे म्हणून समज वाढली आहे असा भास या काळातील लेखनात अनेकदा होतो, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. अर्थात सूत्राचा दोष वापरणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

ते साधन पीटर बेकर आणि मायकेल वोल्फ यांच्या २००५ आणि २००७ मधील निबंधांनी दिले. त्यांच्या प्रतिमानात स्तंभातील इलेक्ट्रॉन मूळचे कमी ऊर्जेचे प्रकाशकण तयार करतात. काही कण इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या टकरींतून, काही सायक्लोट्रॉन क्रियेतून आणि काही तळाच्या तप्त पृष्ठभागातून येतात. हे कण पडणाऱ्या द्रव्यात सापडतात. आघाततरंगाजवळ द्रव्य आकसत असल्याने प्रत्येक विखुरण्याबरोबर त्यांची ऊर्जा थोडी वाढते; चेंडू जवळ येणाऱ्या दोन भिंतींमध्ये आपटत राहावा तसे हे घडते. खालच्या भागात तप्त इलेक्ट्रॉनांच्या यादृच्छिक गतीमुळे हे कण पुन्हा वाटले जातात आणि वर्णपट सपाट होतो. इलेक्ट्रॉनांच्या तापमानापलीकडे तो उतरतो. घातनियम आणि उतार असे दोन्ही एका चित्रातून निघाले. हर्क्युलिस एक्स-१, सेंटॉरस एक्स-३ आणि एलएमसी एक्स-४ यांच्या वर्णपटांशी त्यांनी आपले निकाल पडताळले. २०१६ मध्ये न्यूस्टारच्या आकड्यांवर हर्क्युलिस एक्स-१ साठी त्याची रीतसर जुळणी करण्यात आली.

या प्रतिमानाच्या मर्यादाही त्याच्या मांडणीतच दिसतात. ते एकमितीय आहे, द्रव्याचा वेग त्यात आधीच ठरवून दिलेला आहे, दिशेनुसार बदलणारे विखुरणे सरासरीत गुंडाळले आहे आणि सायक्लोट्रॉनची खाच वेगळी जोडावी लागते. शिवाय ते स्तंभासाठी रचलेले आहे. २०१९ मध्ये ‘जीएक्स ३०४-१’ हा स्रोत अत्यंत मंद अवस्थेत असताना त्याच्या वर्णपटात एकाऐवजी दोन उंचवटे आढळले. तेथे स्तंभ नव्हताच. वरचा थर तापलेला आणि खालचा थंड अशा वातावरणाचे वेगळे प्रतिमान त्यासाठी रचावे लागले.

ध्रुवणाची साक्ष

वर्णपट आणि स्पंदांचा आकार यांवरून पेन्सिल की पंखा, हा वाद मिटत नव्हता. कारण दोन्हींतून जवळजवळ सारखे आलेख काढता येतात. तिसरी साक्ष ध्रुवणाची, म्हणजे किरणांच्या कंपनदिशेच्या एकसूत्रीपणाची, होती. प्रबळ क्षेत्रात बलरेषेला आडवे हलणे इलेक्ट्रॉनला अवघड जाते. त्यामुळे एका प्रकारचे ध्रुवित कण सहज निसटतात आणि दुसऱ्या प्रकारचे अडकतात. यावरून किरण अतिशय ध्रुवित असावेत, काही ऊर्जांना ६० ते ८० टक्क्यांपर्यंत, असे भाकीत १९८० च्या दशकातील गणितांनी केले होते. ते तपासण्याचे उपकरण मात्र तीन दशके उपलब्ध झाले नाही.

दि. ९ डिसेंबर २०२१ रोजी ‘आयएक्सपीई’ हा उपग्रह कक्षेत गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने हर्क्युलिस एक्स-१ चे निरीक्षण केले. व्हिक्टर दोरोशेंको आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निकालांनुसार ध्रुवण स्पंदाच्या कलेनुसार ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान होते. सेंटॉरस एक्स-३ मध्येही ते असेच अल्प आढळले. पन्नास वर्षांच्या प्रतिमानांतील सर्वांत निःसंदिग्ध मानलेले भाकीत असे खोटे पडले. ताऱ्याच्या वातावरणाचा वरचा थर अधिक तप्त असल्यास चुंबकित निर्वात आणि द्रव्य यांच्या परिणामांची बरोबरी होणाऱ्या थरात एका प्रकारचे कण दुसऱ्या प्रकारात बदलतात व ध्रुवण विरते, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. योगायोगाने मंद स्रोतांतील दोन उंचवट्यांसाठीही असाच तापलेला थर कल्पावा लागला होता. दुसरीकडे ध्रुवणाच्या दिशेने अनपेक्षित लाभही झाला : हर्क्युलिस एक्स-१ चा परिभ्रमण-अक्ष कक्षेच्या अक्षाशी किमान २० अंशांनी कललेला आहे, हे प्रथमच मोजता आले.

या संशोधनात भारतीय साधनांचा सहभाग जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून बलून सोडून क्ष-किरण स्रोतांचा अभ्यास केला. दि. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील ३ ते ८० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे मोठे क्ष-किरण गणक याच संस्थेत बनले आणि पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचाही या मोहिमेत महत्त्वाचा वाटा होता. सायक्लोट्रॉन रेषा ज्या ऊर्जापट्ट्यात येतात नेमका तोच पट्टा या गणकांच्या कक्षेत आहे. आयएक्सपीईचे निरीक्षण २ ते ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपुरते मर्यादित आहे. दि. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने सोडलेल्या ‘एक्सपोसॅट’ उपग्रहावर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने तयार केलेले ‘पोलिक्स’ हे उपकरण ८ ते ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट दरम्यानचे ध्रुवण मोजण्यासाठी बनवले आहे. सायक्लोट्रॉन रेषेच्या दिशेने जाताना ध्रुवण कसे बदलते, याबद्दल प्रतिमानांचे निष्कर्ष याच पट्ट्यात एकमेकांपासून दूर जाऊ लागतात.